खानदेशात पाणथळ आयरिस: लावणीपासून फुलापर्यंत

आयरिस या फुलझाडाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यापुढे काश्मीर येतं. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांत ती जगेल यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. पण पाणथळ जातींपैकी योग्य ती निवडली तर ती इथे जगते आणि फुलतेही. त्यासाठी तिला रब्बीच्या पिकासारखं वागवायचं. थंडीत पोटभर खायला-प्यायला द्यायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं घ्यायची आणि एप्रिल ते जून तिच्याकडून काही न मागता फक्त कंद सांभाळायचा. दुसरी गोष्ट चुन्याची. आपली काळी जमीन आणि बोअरचं जड पाणी या झाडाला उन्हाइतकंच छळतं. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

आधी झाड ओळखा

आयरिसच्या अडीचशेहून जास्त प्रजाती आहेत आणि बहुतेकींना पाण्यात उभं राहणं सोसत नाही. पाकिटात कांद्यासारखे कंद मिळतात ती डच आयरिस. एक हंगाम फुलते आणि पावसाळ्यात कुजते. खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेली, म्हणजे दाढीवाली, जातही कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीची आहे. या दोन्ही बाजूला ठेवा.

नर्सरीत ‘आयरिस’ म्हणून हातात दिलं जाणारं रोप पुष्कळदा वॉकिंग आयरिस किंवा आफ्रिकन आयरिस असतं. दोन्ही त्याच कुळातली आणि दिसायला छान, पण ती पाण्यात ठेवायची झाडं नव्हेत. वॉकिंग आयरिसच्या फुलदांड्यावरच पिल्लू धरतं, त्यावरून ती ओळखू येते. वेखंडाचीही पानं तलवारीसारखीच असतात, पण पान चुरगळलं की वेखंडाचा वास लगेच येतो. आयरिसच्या पानाला तो नाही. पैसे देण्याआधी एक पान चुरगळून पाहा.

कोणती जात घ्यायची

सुरुवात करणाऱ्याने लुइझियाना आयरिस घ्यावी. अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत आणि आसपासच्या ओल्या पट्ट्यात हिचं मूळ आहे. या गटात पाच प्रजाती धरतात. त्यांतली फुल्वा तांब्यासारख्या लालसर रंगाची. आयरिसमध्ये असा रंग फार दुर्मीळ आहे. जायजँटिसेरुलिया उंच आणि निळी. ब्रेव्हिकॉलिस बुटकी, तिचा दांडा नागमोडी. हेक्झागोना आणि नेल्सनी या उरलेल्या दोन. दलदलीत शेजारी शेजारी वाढताना या प्रजातींचा आपसांत इतका संकर झाला की 1920-30 च्या दशकांत जॉन स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथून डझनावारी ‘नव्या प्रजाती’ नोंदवल्या. त्यांतल्या बहुतेक संकर होत्या, हे नंतर स्पष्ट झालं. याच संकरांतून आजच्या बागेतल्या जाती आल्या. 1941 साली लुइझियानात या आयरिसच्या चाहत्यांची संस्था उभी राहिली. पुढे जोसेफ मेर्त्झवायलर यांनी कोल्चिसिन हे रसायन वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट केलेल्या, जाड पाकळ्यांच्या जाती तयार केल्या. ‘प्रोफेसर’ या शब्दाने सुरू होणारी त्यांची नावं आजही याद्यांत दिसतात.

आपल्याला महत्त्वाचं एवढंच की या झाडाला बर्फ लागत नाही. त्याच्या मूळ गावी हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक असतो, आणि कडक उन्हाळ्यात अर्धवट झोपी जायची सवय त्याच्या अंगात आहे. फरक हवेचा. तिकडचा उन्हाळा दमट असतो, आपल्याकडे वैशाखात पानं करपवणारी कोरडी झळ असते. त्यामुळे इथे झाडाला पाण्याइतकीच आडोशाचीही गरज पडते.

पहिलं झाड निळं किंवा जांभळं घ्या, बिननावाचं असलं तरी चालेल. साध्या निळ्या-जांभळ्या जाती सहसा चिवट निघतात. नावाची हवी असेल तर गडद, जवळपास काळसर जांभळी ‘ब्लॅक गेमकॉक’ पाण्यात उत्तम राहते. लाल आणि पिवळे संकर दुसऱ्या वर्षापर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही.

‘जेराल्ड डार्बी’ हा व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन अमेरिकी प्रजातींचा संकर. थंडीत त्याच्या पानांचा बुंधा जांभळा होतो, आणि केवळ त्या रंगासाठी एक कुंडी ठेवावी असं मला वाटतं. फुलं मात्र लुइझियानापेक्षा लहान.

जपानी आयरिस, म्हणजे एन्साटा, फोटोत पाहून माणूस वेडा होतो. ताटाएवढं, सपाट, शिरा उमटलेलं फूल. जपानात एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) तिच्या जाती निवडून वाढवल्या गेल्या; मात्सुदाइरा शोओ या सरदाराने त्यात जन्म घालवला. पण तिला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. आपल्या काळ्या मातीचा सामू साडेसात ते साडेआठ. शिवाय तिचा बुंधा कायम पाण्यात ठेवायचा नसतो. वाढीच्या काळात ओल, थंडीत ओल कमी, असं तिचं गणित आहे. तोरणमाळसारख्या ठिकाणी, सुमारे 1150 मीटर उंचीवर, उन्हाळा नरम असतो. तिथे कुणाची बाग असेल तर त्याने जरूर प्रयत्न करावा. तापीच्या खोऱ्यात मात्र ती फक्त कुंडीत आणि फक्त पावसाच्या पाण्यावर. जपानी आणि पिवळी (तिच्याबद्दल पुढे सांगतो) यांचा संकर करून जपानात हिरोशी शिमिझु यांनी पाकळीवर गडद ‘डोळा’ असलेल्या जाती काढल्या. त्या मिळाल्या तरी हात बसल्यावरच घ्या. सायबेरियन आयरिसला खरी थंडी लागते, तिचा नाद सोडा.

पिवळ्या आयरिसबद्दल

स्यूडाकोरस ही युरोपातली पिवळी आयरिस सगळ्यात काटक. चुना सोसते, फूटभर पाण्यातही उभी राहते. आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. तिचं बी पाण्यावर तरंगत दूर जातं, कंदाचा तुकडाही रुजतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आहे. जलपर्णी आणि बेशरम दोन्ही अमेरिका खंडातून आल्या, आणि आज आपल्या नद्या-नाल्यांची त्यांनी काय गत केली आहे ते आपण रोज पाहतो. पांझरेच्या काठी फड या जुन्या सामूहिक सिंचन पद्धतीच्या चाऱ्या अजून वाहतात, गिरणेचे पाट शेतोशेत जातात. या पाण्यात पिवळी आयरिस शिरली तर काढणारा कुणी नाही. लावायचीच असेल तर बंद टबात लावा आणि फूल सुकलं की शेंग धरण्याआधी दांडा कापा. चारी, नाला, शेततळं यांच्या काठी कधीही लावू नका.

परदेशातून कंद बॅगेत घालून आणायचाही मोह नको. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला बाहेरून येणारा रोग काय करतो हे वेगळं सांगायला नको.

लावणी कधी

केळीची कांदेबाग लावतात तेव्हा. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ते नोव्हेंबरची सुरुवात हा उत्तम काळ. पावसाळा सरलेला असतो, रात्री गार व्हायला लागतात आणि कंदाला नवे डोळे फुटायला सुरुवात होते. मृगात लावलेला कंद गरम चिखलात पडून कुजण्याची भीती असते. जानेवारीनंतर लावला तर मुळं धरेपर्यंत ऊन तापतं. नर्सरीवाला एप्रिलमध्ये रोप द्यायला निघाला तर त्यालाच म्हणा, ‘दादा, दसऱ्यापर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.’

पाणी

बोअरच्या पाण्याने तुमच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो का? धरत असेल तर त्याच पाण्यावर आयरिस वर्षभर ठेवू नका. कारण समजून घ्या. मे महिन्यात उघड्या टबातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार आणि चुना मागेच राहतात. आपण रोज वरून बोअरचं पाणी घालतो आणि टबातली खारट भर वाढत जाते. मग नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या उरतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही.

उपाय छपरावर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर हंगामात 600 मिलिमीटर पडला तर हिशेबाने 6000 लिटर होतात. गळती आणि पहिल्या पावसाचं धुवण सोडलं तरी चारेक हजार लिटर हाती लागतात. साठवायला टाकी नसेल तर जुने झाकणाचे ड्रम चालतात. हे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. थंडीत बोअरचं आणि पावसाचं निम्मं निम्मं मिसळून द्या. पावसाळ्यात टब काठोकाठ भरून वाहू द्या, साठलेले क्षार आपोआप धुतले जातात.

आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून काहीजण झाडांना घालतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. आयरिसला ते अजिबात नको.

जागा आणि टब

थंडीत सहा तास ऊन आणि एप्रिलपासून दुपारची सावली, अशी जागा शोधायची. कडुनिंबाच्या पूर्वेला टब ठेवला तर हे दोन्ही साधतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंब पानं गाळतो, म्हणजे फुलांच्या वेळी ऊन खाली पोचतं, आणि ऊन तापेपर्यंत नवी पालवी सावली धरते. पाण्यात पडलेली पानं मात्र रोज काढा. झाड नसेल तर पश्चिमेच्या बाजूने 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. केळीच्या बागेला झळ लागू नये म्हणून कडेने शेवरी किंवा गवत लावतात, तसा जिवंत आडोसाही चालतो.

टब 40-50 सेंटीमीटर खोल आणि तोंडाला रुंद असावा. काळा प्लास्टिकचा टब उन्हात फार तापतो. तो निम्मा जमिनीत गाडा किंवा भोवती ओलं बारदान गुंडाळा. गुरांचा जुना सिमेंटचा हाळ पडून असेल तर त्याहून चांगलं काही नाही. जाड भिंतीमुळे पाणी गार राहतं, आणि जुन्या सिमेंटमधला चुना केव्हाच निघून गेलेला असतो. नवा हौद बांधला असेल तर तो भरा, आठवडाभर ठेवा, ओता, पुन्हा भरा. असं चार-पाच वेळा केल्याशिवाय त्यात झाड घालू नका.

पाणी उभं आहे म्हणजे डास आले. टबात गप्पी मासे सोडा. मासे असलेल्या पाण्यावर कीटकनाशक फवारायचं नाही आणि युरिया टाकायचा नाही.

माती

निव्वळ काळी माती नको. ती पाण्यात गच्च बसते आणि चुन्याने भरलेली असते. नदीकाठचा पोयटा दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, पानांचं खत एक भाग असं मिश्रण करा. चुनखडीचे खडे दिसले तर वेचून टाका. मातीत चुना आहे का हे पाहायला चिमूटभर माती बशीत घेऊन वर लिंबाचा रस पिळा. फसफसली तर ती माती या कामाची नाही. चुलीची राख, अंड्यांची टरफलं, हाडांचा चुरा हे सगळं टाळा, त्याने चुना वाढतो.

काळ्या वावरात गंधकाची भुकटी घालून सामू खाली आणता येईल का, असं पुष्कळजण विचारतात. गंधक जिवाणूंमार्फत आम्ल होतं, त्याला महिने लागतात, आणि मोकळा चुना असलेल्या जमिनीत ते आम्ल लगेच खपून जातं. सगळा वाफा बदलण्यापेक्षा टबभर माती चांगली करणं स्वस्त पडतं.

जमिनीतच लावायचं असेल तर दीड फूट खोल खड्डा खणा, तळाला जाड प्लास्टिक अंथरा, कडेला चार-दोन भोकं ठेवा आणि हेच मिश्रण भरा. पाणी धरून राहील, साचून सडणार नाही.

कंद लावणं

लुइझियानाचा कंद बोटाएवढा जाड, हिरवट-तपकिरी, आल्याच्या लांब फांदीसारखा येतो. त्याच्या एका टोकाला पानांचा पंखा असतो, दुसरं टोक जुनं. रात्रभर पावसाच्या पाण्यात भिजत ठेवा. तुटकी, काळी मुळं कापा, पानं वीतभर ठेवून छाटा. हातमोजे घाला, या झाडाचा रस काहींच्या कातडीला खाजवतो.

कंद आडवा ठेवायचा. पंख्याचं टोक टबाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे, कारण वाढ त्याच दिशेने पुढे सरकते. जुनं टोक कडेला. वर दोन-तीन सेंटीमीटर माती. दाढीवाल्या आयरिसचा कंद उघडा ठेवतात, तो नियम इथे लावला तर आपल्या उन्हात कंद भाजून निघेल. मातीवर जाडी वाळू किंवा बारीक खडीचा पातळ थर द्या, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. वाळू-खडी नदीची असली तरी तीही लिंबाच्या रसाने तपासा. दोन कंदांत फूटभर अंतर पुरे.

पहिले तीन आठवडे मातीच्या वर पाणी उभं करू नका, माती फक्त चिखलासारखी ठेवा. नवं पान वर आलं, झाड हलकेच ओढल्यावर हलत नाही असं झालं, की पाणी हळूहळू वाढवत चार बोटांपर्यंत न्या. लुइझियानाला त्याहून जास्त खोली सोसते, पण इथे गरज नाही.

केळी लावणाऱ्याला पुढचं लगेच कळेल. ज्या कंदाने फूल दिलं तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतून निघालेले मुनवे, म्हणजे पिल्लं, पुढच्या वर्षी फुलतात, जसा घड दिलेला खांब संपतो आणि बाग पिलावर चालते. त्यामुळे मार्चनंतर जुनं टोक सुकलं म्हणून घाबरू नका, कडेचे डोळे शाबूत आहेत का ते पाहा.

थंडीतलं खतपाणी

हे झाड खादाड आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर आणि जानेवारीच्या शेवटी, असं दोनदा खत द्या. चमचाभर अमोनियम सल्फेट वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून पुडी करा आणि कंदापासून वीतभर दूर मातीत खोल दाबा. पाण्यात सुटं टाकलं तर शेवाळ माजेल आणि मासे मरतील. अमोनियम सल्फेट निवडायचं कारण म्हणजे ते माती थोडी आम्ल करतं.

पानं शिरा सोडून पिवळी दिसली तर चिलेटेड लोह द्या, पण पाकिटावर इडीडीएचए लिहिलेलं असेल तेच. इडीटीए प्रकारातलं लोह आपल्या सामूला टिकत नाही, पैसे जातात. पानांवर तांबूस भुकटीचे ठिपके आले तर तो तांबेरा. ती पानं कापून जाळा आणि झाडांत वारा खेळेल इतकी मोकळीक ठेवा. धुळ्यात काही रात्री पारा 6-7 अंशांवर येतो, त्याची काळजी करू नका. झाडाला ते मानवतं.

फूल

जानेवारी सरता सरता पंख्याचा मधला भाग चापट न राहता गोलसर लागतो. दोन बोटांत धरून हलकं दाबा, आत दांडा जाणवतो. त्यानंतर पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर वरच्या कळ्या तिथेच वाळतात. कळी छत्री मिटल्यासारखी पिळलेली असते. उमलताना तो पीळ सुटतो, आधी तीन मोठ्या पाकळ्या खाली कलतात, त्यांच्या मुळाशी पिवळा ठसा दिसतो, मग वरच्या तीन पसरतात. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं. एका दांड्यावर चार-सहा कळ्या असतात, त्या एकामागून एक उघडतात. फुलदाणीसाठी दांडा हवा असेल तर पहिल्या कळीचा रंग दिसताच सकाळी कापा.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिलमध्ये पानांची टोकं करपतील, मे महिन्यात निम्मी पानं वाळतील. झाड मेलं नाही. वाळलेलं तेवढं कापा, हिरवं ठेवा, खत बंद करा. पाणी कंदावर दोन बोटं राहील इतकं रोज पाहा आणि घालायचं ते संध्याकाळी घाला. उघड्या मातीत लावली असेल तर केळीची वाळलेली पानं वीतभर जाड अंथरा. कंद उघडा पडला तर तो भाजतो, आणि भाजलेला कंद पावसात कुजतो. कापलेली पानं किंवा कंद गोठ्याकडे टाकू नका. गुरांनी खाल्लं तर पोटाला बाधतं.

पावसाळ्यात करण्यासारखं फारसं नसतं. गोगलगायी वेचा, तण काढा.

विभागणी, आणि स्वतःचा संकर

दोन-तीन वर्षांत टब भरतो आणि फुलं कमी होतात. ऑक्टोबरमध्ये सगळं बाहेर काढा, प्रत्येक तुकड्याला एक पंखा आणि मुळं राहतील असं धारदार चाकूने कापा, माती नवी घाला. जुने, फुलून गेलेले तुकडे टाकून द्या.

दोन वेगवेगळ्या रंगांची झाडं असतील तर संकर करून पाहाच. फुलाच्या मधोमध पाकळीसारखे तीन फाटे असतात. प्रत्येकाच्या खाली परागकोष दडलेला असतो आणि टोकाजवळ खालच्या अंगाला एक बारीक ओठ असतो. मादी ठरवलेलं फूल पहाटे, पूर्ण उघडण्याआधी धरा, त्याचे परागकोष चिमट्याने काढा, खालच्या पाकळ्याही काढा म्हणजे मधमाशीला उतरायला जागा राहणार नाही. दुसऱ्या झाडाचा पराग त्या ओठावर लावा आणि दांड्याला दोन्ही नावांची चिठ्ठी बांधा. शेंग पिकायला दोन-तीन महिने लागतात. ऐन मे-जूनच्या झळेत तिला सावली द्या. शेंग पिवळसर होऊन टोकाला फाटायला लागली की तोडा. बी मोठं, बुचासारख्या हलक्या सालीचं असतं. पूर्ण वाळू देऊ नका, ओलसर वाळूत घालून गार जागी ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये उथळ ट्रेमध्ये पेरा. काही बिया पहिल्याच थंडीत उगवतात, काही पुढच्या, म्हणून ट्रे लवकर ओतून टाकू नका. रोपाला पहिलं फूल यायला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात, आणि एकाच शेंगेतल्या रोपांचे रंग एकमेकांसारखे निघतीलच असं नाही. म्हणून पहिलं फूल पाहीपर्यंत एकही रोप उपटू नका.